पाच वाट्यांतली एक

नांद्याच्या रस्त्याला उरलेली भातखाचरं मोजायला आता एका हाताची बोटं पुरतात. दोन सोसायट्यांच्या मधे एक, शाळेमागे एक, आणि ओढ्याच्या कडेनं लांबट पसरलेली दोन-तीन. बाकी सगळीकडे पत्र्याची कुंपणं आणि 'बुकिंग चालू'चे बोर्ड. तरी नवरात्र लागलं की तेवढ्याशा खाचरांतूनही तो वास येतोच. लोंब्या भरून वाकायला लागलेल्या असतात, त्यांच्यावर सकाळचं ऊन पडतं आणि चुलीवर भात शिजायला ठेवल्यासारखा एक कोवळा वास रस्त्यावर उतरतो. मी स्कूटर हळू करते, हेल्मेटची काच वर घेते. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवतो. वाजवू दे. वर्षातून पंधरा दिवस हा वास मला फुकट मिळतो आणि त्यावर अजून कुणी टॅक्स लावलेला नाही.

टॅक्सचं सहज तोंडात आलं, कारण माझं पोटच त्यावर आहे. सूसच्या चौकात, मेडिकलच्या दुकानावर, माझं दहा बाय बाराचं ऑफिस आहे. दुकानदार, नर्सरीवाले, मेसवाले यांची जीएसटीची विवरणं मी भरते. यंदा नवरात्राच्या पहिल्याच दिवशी बऱ्याच वस्तूंचे दर बदलले आणि माझा फोन तापला तो गार होईना. जुन्या पाकिटांचं काय करायचं, नवा भाव कसा काढायचा, बिल आधीचं आणि माल नंतरचा असेल तर कुठला दर लावायचा. लोक घाबरून विचारतात आणि मी शहाण्यासारखी उत्तरं देते. तिसऱ्या माळेला नांद्याच्या शेवंताबाईंचा फोन आला. त्यांना मात्र काही विचारायचं नव्हतं. "चिवड्याचा टॅक्स बाराचा पाच झाला म्हनं. भाव मी काढलाय. तुमी फकस्त बघून जावा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ठेवते, बरंय, वगैरे म्हणायची पद्धत त्यांच्याकडे नाही.

फोन खाली ठेवला आणि मला ते दुसरं नवरात्र आठवलं. व्हॅट गेला आणि जीएसटी आला त्या वर्षीचं.

आम्ही तेव्हा नांद्यात भाड्यानं राहत होतो. मी लातूरकडची. नवरा हिंजवडीत नोकरीला, म्हणून इकडे आलो. दोन खोल्या, पुढे शहाबादी फरशीचा ओटा, आणि समोरच शेवंताबाईंचं घर. मी त्यांना सुरुवातीला घाबरून असायची. आमच्याकडेही लोक मोठ्यानं बोलतात, पण बोलण्याआधी जरा हसतात तरी. या बाई सरळ विचारायच्या. घरभाडं किती देता, नवऱ्याला पगार किती, तुम्ही दिवसभर दार लावून करता काय. मी सांगितलं, अभ्यास करते, टॅक्सचा. त्यांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून मला 'म्याडम' म्हणायला लागल्या. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी टॅक्सच्या डिप्लोमाच्या एकाच पेपरात दोनदा नापास झाले आहे, हे मात्र मी त्यांना सांगितलं नव्हतं. अप्रत्यक्ष करांचा पेपर, आधी व्हॅटचा आणि आता जीएसटीचा. कलमं मला तोंडपाठ होती. गणित आलं की आकडे उलटसुलट व्हायचे. नवरा समजूतदार आहे. तो म्हणाला होता की तिसऱ्यांदा नाही झालं तर आपण दुसरं काहीतरी बघू. चिडला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. समजूतदारपणापुढे माणसाला भांडताही येत नाही.

पुस्तकात 'मूल्यवर्धित कर' असा शब्द असायचा. मी तो शंभरदा वाचला असेल. प्रत्येक टप्प्यावर वस्तूच्या मूल्यात जी भर पडते तेवढ्यावरच कर, आधीच्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट, वगैरे वगैरे. वाचताना सगळं कळायचं आणि पुस्तक मिटलं की काहीच कळलेलं नसायचं. पाठ झालेलं आणि समजलेलं यांच्यात किती अंतर असतं ते मला नांद्यात कळलं, आणि तेही चिवड्यावरून.

शेवंताबाई अकरा बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्ष. गटाची बैठक विहाराच्या ओट्यावर व्हायची आणि चिवडा शेवंताबाईंच्या पडवीत. लवळ्याच्या टेकडीवर कॉलेजं आहेत, होस्टेलं आहेत. तिथल्या एका कँटीनला हा चिवडा जायचा. महिन्याला थोडा, आणि दिवाळीच्या सुटीआधी पुष्कळ, कारण घरी जाताना पोरं-पोरी पिशव्या भरभरून नेतात. दिवाळीची ती एक ऑर्डर या बायकांना वर्षभर पुरायची. कुणाच्या मुलीची फी, कुणाच्या घराचा पत्रा, कुणाचं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं त्या चिवड्यावर ठरलेलं असायचं.

जीएसटी आला आणि कँटीनच्या मॅनेजरनं, कदम त्यांचं नाव, सांगितलं की आता पक्कं बिल लागेल, त्यावर नंबर लागेल, टॅक्स वेगळा दाखवावा लागेल, नाहीतर माल घेता येणार नाही. भादव्याच्या एका दुपारी अकराच्या अकरा जणी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. आधारकार्डं, गटाचा ठराव, बँकेचं पुस्तक, सगळं एका दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. पावसानं ओटा ओला होता, तरी सगळ्या तशाच टेकल्या. शेवंताबाईंनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या की तुम्ही याचंच शिकताय ना, मग करा.

मला नाही म्हणता आलं असतं. पण दोन वर्षं दार लावून बसलेल्या बाईकडे अकरा बायका आशेनं बघायला लागल्या की तिची मान आपोआप 'हो' म्हणून हलते. मी नोंदणीचा अर्ज भरला. नंबर आला त्या दिवशी पडवीत पेढे वाटले गेले आणि मी उगाच दोन बोटं उंच झाले.

मग आलं भावाचं. कदमसाहेबांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. सहाशे किलो घेतो, किलोला एकशे चाळीस देतो, टॅक्ससकट, वर एक रुपया नाही. म्हणजे एकशे चाळिसात टॅक्स आधीच मिसळलेला. तो वेगळा काढायचा आणि उरतं ते गटाचं.

मी त्यांच्या पडवीत वही घेऊन बसले. पोहे, शेंगदाणे, डाळं, तेल, मसाला, पिशव्या, गॅस आणि अकरा जणींची मजुरी. तेलावर, मसाल्यावर, पिशव्यांवर गटानं खरेदी करतानाच जो टॅक्स दिला होता तो मी बाजूला काढला, कारण त्याची वजावट मिळते. हे अवघड काम मी अगदी बरोबर केलं आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. किलोचा खर्च निघाला एकशे चोवीस रुपये. मग सोपं उरलं होतं ते केलं. तेव्हा चिवड्याला बारा टक्के होते. एकशे चाळीसचे बारा टक्के सोळा रुपये ऐंशी पैसे. ते वजा केले. गटाच्या हातात उरले एकशे तेवीस रुपये वीस पैसे. खर्च एकशे चोवीस. किलोमागे ऐंशी पैसे तोटा.

मी दोनदा तपासलं. दोन्ही वेळा तेच आलं, कारण दोन्ही वेळा तीच चूक केली. मी वही मिटली आणि सांगितलं की ही ऑर्डर परवडत नाही, सोडून द्या. पडवीत शेंगदाणे निवडणारे हात थांबले. मंदा म्हणून गटातली सगळ्यात धाकटी, तिनं मजुरी थोडी कमी धरू का म्हणून विचारलं. शेवंताबाईंनी नकाराची मान हलवली. मजुरीला हात लावायचा नाही हे त्यांनी गट काढला तेव्हाच ठरवलं होतं. त्यांनी माझाच फोन मागून घेतला, कदमसाहेबांना 'जमत न्हाई' सांगितलं आणि फोन मला परत दिला. फोनला शेंगदाण्याची लाल सालं चिकटली होती.

त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलं नाही. मला वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटत होतं. अकरा जणींना मी तोट्यातून वाचवलं, असंच मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शेवंताबाई दारात. हातात एक पातेलं, त्यात कोरडे पोहे आणि वर ओंजळभर शेंगदाणे, आणि एक वाटी. आत आल्या, माझ्या अभ्यासाच्या टेबलावरची पुस्तकं कोपरानं बाजूला सारली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. पण आदल्या रात्री त्यांना माझा आकडा पटेना. म्हणून त्यांनी नातीच्या मोबाईलवर तो उलटा करून बघितला होता. एकशे तेवीस रुपये वीस पैशांवर बारा टक्के परत चढवले. एकशे चाळीस यायला हवे होते. आले एकशे सदतीस आणि अठ्ठ्याण्णव पैसे.

"दोन रुपये कुटं सांडले, म्याडम?" त्यांनी विचारलं.

मी कॅल्क्युलेटर घेतला. खरंच सांडले होते. मी पुन्हा केलं, पुन्हा सांडले. माझे कान तापले. दोन वर्षं पेपरात माझे गुण जिथे जात होते तिथेच हे दोन रुपये गेले असणार, हे मला आतून कळलं, पण का गेले ते कळेना.

त्यांनी टेबलावर पोह्यांच्या चार वाट्या ओतल्या, चार ढीग. पाचवी वाटी शेंगदाण्यांची.

"चार वाट्याला एक घातली. म्हंजी किती घातली?"

"चौथाई," मी म्हणाले.

त्यांनी सगळे ढीग हातानं एकत्र केले. "आता ह्यातनं घातलेली परत काढा. किती काढाल? चौथाई काढली तर सव्वा वाटी जातीया. माझ्या पोह्याची पाव वाटी संगं जातीया. घातली चौथाई, पर काढायची पाचवी. पाच वाट्यातली एक."

मी टेबलावरच्या त्या ढिगाकडे बघत राहिले. घालताना मूळ मालावर मोजतात, काढताना सगळा ढीग समोर असतो. शंभरावर बारा घातले की एकशे बारा होतात. म्हणून काढताना एकशे बारातले बारा काढायचे. एकशे चाळिसात टॅक्स पंधरा, आणि माल एकशे पंचवीस. खर्च एकशे चोवीस. किलोला एक रुपया उरतो, मजुरीला हात न लावता.

ज्या गोष्टीसाठी मी दोन वर्षं खिडकीशी बसून सूत्रं घोकली, ती या बाईंना चिवडा करता करता माहीत होती. मी रडले का? हो, रडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की नंतर रडा, आधी पायात चप्पल घाला, कदमसाहेब नऊला येतात.

लवळ्याला जाणारी सहा आसनी रिक्षा भरेपर्यंत सुटत नाही. आम्ही दोघी मागे कोंबलेल्या, मधे दोन कॉलेजच्या मुली कानात वायर घालून. दोन्ही बाजूला पिवळट झालेलं भात आणि तोच वास. मी त्या रिक्षात शेवंताबाईंना सांगून टाकलं की मी दोनदा नापास झालेली आहे, आणि तेही याच पेपरात. त्यांनी मला काम सोपवलं ते मला येतं असं समजून, आणि मी त्यांना खरं सांगितलं नाही. बोलून झालं आणि मी पुढच्या सीटच्या फाटलेल्या रेक्झिनकडे बघत बसले. मला वाटलं, आता या बाई मला अख्ख्या रिक्षासमोर सुनावणार. त्यांनी विचारलं, "पेपरात वाट्या न्हेऊ देत्यात का?" मधल्या एका मुलीनं कानातली वायर काढून आमच्याकडे बघितलं, इतकी मी हसले.

कदमसाहेब बिलांच्या गठ्ठ्यात बसले होते. मी घरून वाक्य ठरवून आणलं होतं: चूक माझी आहे, गटाची नाही. पण मी तोंड उघडायच्या आत शेवंताबाई बोलल्या, "हिशोब चुकला व्हता आमचा. जमतंय." आमचा. मी तो शब्द ऐकला, मला हायसं वाटलं आणि मी गप्प राहिले. ते गप्प राहणं मला पुढे बरीच वर्षं टोचत होतं, पण तेव्हा नाही. कदमसाहेबांनी सांगितलं की कालच संध्याकाळी पिरंगुटच्या एकाला शब्द दिला. मग गटाच्या जुन्या ओळखीकडे बघून त्यांनी ऑर्डरचे दोन भाग केले. तीनशे त्याला, तीनशे आम्हाला. निम्मी ऑर्डर गेली ती गेलीच. ती माझ्या एका वजाबाकीनं गेली होती.

त्या संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर गटाची बैठक होती. मला बोलावणं होतं. मी अभ्यासाचं कारण सांगून गेले नाही. काय तोंड दाखवणार होते. दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत पडवीत गेले, तर कुणी एक शब्द बोललं नाही. उलट मंदानं मला बसायला पाट दिला. मी म्हणाले, माझ्या कामाचे पैसे तर नकोतच, पण काहीतरी सांगा, मी काय करू. शेवंताबाईंनी 'सावड' हा शब्द वापरला. इकडे भाताच्या लावणीला आणि कापणीला आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, अशी पद्धत असते. पैसा मधे येत नाही. आमच्या हिशोबाला तुम्ही आलात, आता आमच्या कढईला या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मग आठ दिवस मी त्या पडवीत होते. माझ्या आयुष्यातले काही फार चांगले दिवस आठवायचे झाले तर मला ते आठवतात. कढीपत्ता तेलात पडल्यावरचा आवाज. ताडपत्रीवर पोह्यांचा ढीग आणि त्याच्याभोवती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी खालीवर करणाऱ्या बायका. भाजलेल्या मिरचीचा ठसका लागून सगळ्या एकदम खोकायच्या आणि खोकता खोकता हसायच्या. हळदीनं बोटं पिवळी व्हायची ती धुऊन जायची नाहीत. दुपारी पाकिटं बांधताना माझं पुस्तक पुढ्यात उघडं असायचं आणि मंदा मला प्रश्न विचारायची. तिला उत्तर माहीत नसायचं, पण मी अडखळले की तिला बरोबर कळायचं.

तिथेच मला तो शब्दही कळला. मूल्यवर्धित. पडवीच्या पायरीवर बसलं की सगळं समोर दिसायचं. रानातलं भात, ते गिरणीत जाऊन झालेले पोहे, पडवीत आल्यावर त्यांचा झालेला चिवडा आणि टेकडीवरच्या कँटीनमधल्या पोरांच्या हातात गेलेली पुडी. प्रत्येक हात थोडं काहीतरी घालतो आणि पुढे देतो. कराचं म्हणणं इतकंच की तू जेवढं घातलंस तेवढ्याचंच बोल. तुझ्या आधी ज्यांनी घातलं त्यांचं त्यांनी भरलेलं आहे, ते तुझ्यातून वजा कर. किती साधी गोष्ट. विकताना पंधरा रुपये टॅक्स घेतला, तेल-मसाल्यावर तीन आधीच दिलेले आहेत, तर आता बाराच भर. आधीच्यांचं वजा करायचं, पण त्यासाठी आधीच्यांचं बिल मात्र हातात पाहिजे. बिल नसेल तर वजावट नाही. हे वाक्य मी आजही दिवसातून चारदा कुणाला ना कुणाला सांगते.

पेपर झाला. करासकट किंमत दिली आहे, मूळ किंमत काढा, असा प्रश्न होताच. मी उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं पाच गोल काढले आणि एक गोल भरला. पर्यवेक्षकांनी वाकून बघितलं आणि पुढे गेले. मी पास झाले. पेढे घेऊन गेले तेव्हा शेवंताबाईंनी पेढा खाल्ला, निकालाचा कागद हातात घेतला आणि गुणांची बेरीज उलटी करून तपासली. मग पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहिलं, 'बरोबर'. तेव्हापासून त्यांच्या गटाच्या प्रत्येक कागदावर, मी केलेल्या प्रत्येक आकड्याखाली तो पेन्सिलीतला शब्द असतो. उलटं करून बघितल्याशिवाय त्या तो लिहीत नाहीत.

पुढे मी काम सुरू केलं. पहिला आला मंदाचा भाऊ, त्याचं हार्डवेअरचं दुकान. मग सूसचा नर्सरीवाला, मग लवळ्यातले दोन मेसवाले. सगळे एकच सांगायचे, शेवंताबाई म्हणाल्या, या बाईंचा हिशोब चुकत नाही. मी लाजायची आणि खरं सांगायचं तर सुखावायची. त्यांना माझी चूक माहीत असूनही त्या असं म्हणतात, म्हणजे मी खरंच सुधारले असणार, असा मी अर्थ काढला होता. माणूस आपल्या फायद्याचा अर्थ फार पटकन काढतो.

यंदा चौथ्या माळेला मी नांद्याला गेले. आता गटाचं शेड आहे, पाकिटांवर गटाचं नाव छापलेलं आहे. शेवंताबाईंनी नवा भाव काढून ठेवला होता. दोनशे चोवीसचं पाकीट आता दोनशे दहाला. "शंभराला पाच, म्हंजी एकवीस वाट्यातली एक. धा रुपये टॅक्स, दोनशे आपलं," त्यांनी सांगितलं. मी मनात उलटं करून बघितलं. बरोबर होतं.

गटाचं नाव जीएसटीत नोंदवायचा ठराव केव्हा झाला ते मला हवं होतं, म्हणून मंदानं गटाच्या बैठकांच्या जुन्या वह्या काढल्या. ती पानं उलटत होती आणि मधेच तिला हसू आलं. ती शेवंताबाईंना म्हणाली, "बाई, हे बघा. तुमच्या चुकीनं निम्मी ऑर्डर गेली व्हती त्या साली. किती बोलल्या व्हत्या तुमाला सगळ्या."

मी वही घेतली. त्या संध्याकाळची बैठक, मी अभ्यासाचं कारण सांगून जिला गेले नव्हते ती. 'अध्यक्षांनी टॅक्सवाल्या मॅडमना खर्चाचा आकडा चुकीचा सांगितल्यामुळे ऑर्डर निम्मी झाली. अध्यक्षांनी चूक मान्य केली. सभासदांनी नाराजी व्यक्त केली.' खाली दहा सह्या-अंगठे आणि शेवटी शेवंताबाईंची वाकडी, मोठी सही.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या पाकिटांना चिकटवायच्या भावाच्या पट्ट्या मोजत होत्या. मोजून झाल्या तरी पुन्हा मोजायला लागल्या. मी विचारलं, का केलंत. त्यांनी मान वर केली नाही.

"माझं नाव गावात मुरलेलं. चार दिवस बोलल्या, गप बसल्या. तुमचं नाव कोरं व्हतं. त्यावर पयलाच डाग पडला असता तर कोन आलं असतं तुमच्याकडं?"

माझं ऑफिस, भिंतीवरचं चौकटीतलं सर्टिफिकेट, तापलेला फोन, शहाणी उत्तरं. इतकी वर्षं मी वजावट घेत होते, आणि ज्यांनी आधी भरलं त्यांचं बिल मला कुणी दाखवलंच नव्हतं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्यांना ते आवडलं नसतं म्हणून मी धरले नाहीत. पण मनात जी कृतज्ञता दाटून आली तिला दुसरा शब्द मला सापडत नाही.

आमच्या कामात एक नियम आहे. जुन्या विवरणात चूक सापडली तर जुन्या कागदावर खाडाखोड करता येत नाही. चालू महिन्याच्या विवरणात दुरुस्ती दाखवायची. त्यालाही मुदत असते आणि माझी ती केव्हाच संपली होती. तरी मी मंदाकडे चालू वही मागितली. तिच्यातल्या शेवटच्या बैठकीच्या नोंदीखाली लिहिलं, की जीएसटी आला त्या वर्षी दिवाळीची निम्मी ऑर्डर गेली ती माझ्या हिशोबाच्या चुकीमुळे; खर्चाचा आकडा अध्यक्षांनी बरोबरच सांगितला होता; चूक त्यांनीच शोधली आणि मला शिकवली. पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. मंदानं ते मोठ्यानं वाचलं. शेडमध्ये सात-आठ जणी होत्या, सगळ्यांचे हात थांबले. पहिल्यांदा मला त्या थांबलेल्या हातांची भीती वाटली नाही.

शेवंताबाईंनी चष्मा लावला. वही जवळ ओढून एकेका शब्दाखाली बोट फिरवत सगळं वाचलं. वेळ लागला. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या सहीखाली लिहिलं, 'बरोबर'. या वेळी त्यांनी उलटं करून बघितलं नाही.